वजाबाकीत उरलेला डाग

शुक्रवार, १२ जून १९९८. सांगली

नवी वही, जुनाच मी. पीएचडीला सहावं वर्ष लागलं. परवा गाईडसाहेब फोनवर म्हणाले, "तुम्ही अजून आहात होय?" शकू तर आता विचारतही नाही. बायकोनं विचारणं सोडलं की समजावं, आपलं काही खरं नाही.

पण आज एक गोष्ट घडली. मिरज रस्त्याला नवं स्कॅन सेंटर निघालंय, तिथले डॉ. आपटे कॉलेजात आले होते. चार वर्षं विलायतेत काढून आलेत. बायकांच्या स्तनाचा एमआरआय करतात. बाईला पालथं झोपवून एक चित्र घ्यायचं, मग हाताच्या शिरेतून औषध सोडून पुन्हा चित्रं घ्यायची. कॅन्सरच्या गाठीला रक्त जास्त, म्हणून ती औषध शोषते आणि उजळते. दुसऱ्या चित्रातून पहिलं वजा केलं की उजळलेलं तेवढं उरतं. पण मधल्या दहा मिनिटांत बाई दोन मिलिमीटर जरी हलली तरी वजाबाकीचा बट्ट्याबोळ, चित्रभर पांढऱ्या रेघा आणि डाग. मग गाठ कुठली आणि हलणं कुठलं, कळायला मार्ग नाही.

"आपल्या बायका फार हलतात हो," डॉक्टर म्हणाले. "तिकडे इतकं नव्हतं."

मी म्हटलं, हलू देत. दोन चित्रं एकमेकांवर नेमकी बसवायची एवढंच ना, ते गणित आहे, मी करतो. तोंडातून निघून गेलं खरं. आता निस्तरणं आलं. पण खूप दिवसांनी चहा गोड लागला.

शनिवार, २७ जून

सेंटरवर गेलो. मशीन म्हणजे मोठा पांढरा बोगदा, आत कुणी पत्र्यावर हातोडा घालतंय असा आवाज. आतल्या खोलीत मला मज्जाव. बायका झोपणार तिथं माझं काय काम? काचेअलीकडे बसायचं आणि पडद्यावर बघायचं. बरंच आहे ते. मला बाईशी देणंघेणं नाही, चित्र मिळालं म्हणजे झालं.

कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी पारूबाई बसतात. नोकरी मावशीची, तोरा मेट्रनचा. आत धातूचा कणही चालत नाही, म्हणून कानातलं, जोडवी, मंगळसूत्र सगळं उतरवून घेतात. सुरुवातीला बायका मंगळसूत्र काढायला तयारच होईनात, दोघीतिघी तशाच घरी परत गेल्या. मग पारूबाईंनी डोकं चालवलं. त्यांचा भाऊ मार्केट यार्डात हमाल आहे, त्याच्याकडून डबाभर हळकुंडं आणली. मंगळसूत्र उतरलं की पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायचं. गळा मोकळा राहिला नाही म्हणजे बाई निमूट आत जाते.

"डाक्टर म्हणत्यात, मशीनमुळं सेंटर चालतंय," पारूबाई डबा वाजवत म्हणाल्या. "आवं, माज्या डब्यामुळं चालतंय!"

हसू आलं. सांगलीची हळद कुठंकुठं कामाला येईल सांगता येत नाही. अकरा जणींची चित्रं घेऊन आलो.

शनिवार, ८ ऑगस्ट

प्रोग्राम उभा राहिला, लंगडत का होईना. दुसऱ्या चित्रावर एक जाळी अंथरायची आणि तिचे कोपरे थोडेथोडे ओढत राहायचं, दोन्ही चित्रं जास्तीत जास्त एकसारखी दिसेपर्यंत. एका बाईला कॉम्प्युटर सात तास खातो. मधेच लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा. आज तिसऱ्यांदा गेली. कीबोर्ड आपटला, एक बटण निघालं, शकूनं ते गुपचूप उचलून दिलं.

एक विचित्र गोष्ट दिसते. छातीच्या मधोमध, जिथं सगळ्यात जास्त हलतात तिथंच, कातडीला एक खड्डा आहे. लांबट, बोटाच्या दोन पेरांएवढा. औषधानंतरच्या चित्रात तो अर्धा इंच सरकलेला असतो. माणसाला असा खड्डा देवानं दिलेला नाही. डॉक्टरांना दाखवला तर म्हणाले, गादीला घडी पडत असेल. मी प्रोग्रामला सांगून टाकलं, एवढा भाग सोडून दे बाबा.

गुरुवार, ३ सप्टेंबर

सतरा बायका झाल्या. पंधरा हलल्या, दोघी नाही. एक तेरा नंबरची, आटपाडीकडची विधवा म्हातारी. दुसऱ्या मिशनमधल्या सिस्टर, साठीच्या. दोघींच्या चित्रात तो खड्डाही नाही. त्या दिवशी गादी नीट घातली असणार. दोघीही वयस्क, त्यामुळं अनुमान असं निघतं की वयाबरोबर माणूस स्थिर होतं. प्रबंधात एक परिच्छेद घालायला हरकत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा अनुमान वगैरे काढतोय, जरा छाती फुगली.

भाऊबीज, मेढा

सगळे झोपल्यावर ओसरीवर बसून लिहितोय.

ओवाळून झालं. अक्कानं नेहमीसारखं दोन लाडू जास्त वाढले. मग दाजी मला अंगणात घेऊन गेले. दाजी म्हणजे अक्काचे मालक, दादासो, लष्करातून नायक म्हणून निवृत्त. सरळ बोलणारा माणूस, पण आज आधी तंबाखूच मळत राहिले.

"तुज्या अक्काला गाठ हाय रं. डाव्या अंगाला. साताऱ्याच्या सर्जननं फोटो काडला, त्यात नीट दिसंना. म्हनतोय सुई घालून तुकडा काडू."

"मग काढू या की, दाजी."

"सुई लागली की पसरतंय म्हनत्यात. आमच्या युनिटमदल्या सुभेदाराच्या बायकोचं तसंच झालं. सुई न्हाई. तुजं ते मशीन हाय न्हवं? त्यात बगू. मशीननं आर्डर दिली तर सुई, न्हाईतर फिनिश."

आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, अक्का बाराची. तिनं शाळा सोडली आणि मला कडेवर घेतलं. मॅट्रिकच्या परीक्षेला साताऱ्यात मला सोडायला आली ती अनवाणी. आणि मी तिच्यासमोर बसून तिला साधं विचारू शकलो नाही, दुखतंय का म्हणून. भाऊ असली गोष्ट बहिणीला कशी विचारणार? ती पण बोलली नाही. नुसती म्हणाली, "राजा, वाळलायस रं."

सोमवार, २ नोव्हेंबर. सांगली

अक्काचं स्कॅन झालं. बारा मिनिटं मी काचेअलीकडे रामनाम घेत होतो. घेतलं नव्हतं कधी, आज घेतलं.

हलली. पडद्यावर बघत होतो, औषध सोडल्यावर लगेच हलली, मग पुन्हा एकदा. बाहेर आली तेव्हा डोळ्यांत पाणी. "हलले रं मी. लय धरून ठेवलं अंग, पर हललेच. तुजं काम बिगाडलं न्हवं?"

"काही बिघडत नाही अक्का. मी आहे ना दुरुस्त करायला," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि बोटं मोडली. पारूबाई बघत होत्या, त्यांनीही डोळे पुसले.

बुधवार, ४ नोव्हेंबर

नुसत्या वजाबाकीत चित्रभर पांढरं. रेघा, ठिपके, आणि डावीकडे आत एक डाग, सोळा मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, हा हलण्यानं आलाय की खरा, तुमचा प्रोग्रामच सांगेल. त्यांचा नियम असा: पाच मिलिमीटर किंवा कमी असेल तर सुई नको, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. त्याच्यावर असेल तर सुई.

काल जाळी नेहमीच्या मापाची ठेवून चालवला. रेघा गेल्या. डाग अकरावर आला.

म्हणजे कमी होतोय. म्हणजे हलण्याचाच आहे, फक्त नीट बसलेला नाही. जाळी बारीक केली, आज सकाळी आठवर आला. कॉलेजला रजा टाकली, आणखी बारीक केली. लाइटही गेली नाही, देवाची कृपा. संध्याकाळी पाच वाजता निकाल आला. पाच. तोही पुसट.

खुर्चीत बसून रडलो. शकू धावत आली, तिला वाटलं वाईट बातमी. मी म्हटलं, अगं नाही, गेला डाग, गेला! तीही रडली.

आता थांबतो. इतर कुणासाठी जाळी तीनतीनदा बदलली नव्हती, एवढं एक मनात वळवळतंय. पण बाकीच्यांच्या वेळी मला इतकी कळकळ नव्हती, असंही असेल.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बराच वेळ चित्र पाहिलं. "राजाराम, तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

"सही माझी असणार आहे."

"सर, रेघा बघा. एक तरी उरलीय का? जे सगळं हललं होतं ते जागेवर बसलं."

त्यांनी सही केली. दाजींनी मला तिथंच कडकडीत सॅल्यूट ठोकला. अक्का म्हणाली, "माज्या भावानं काडला डाग," आणि हे तिनं बसस्टँडवर, बसमधे, कंडक्टरलासुद्धा सांगितलं असणार.

शनिवार, २३ जानेवारी १९९९. पुणे

परिषदेत निबंध वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खऱ्या. चित्र क्रमांक तीन अक्काचं होतं, डावीकडे दुरुस्तीआधी, उजवीकडे नंतर. माझ्याकडचं सगळ्यात झकास उदाहरण तेच. नाव अर्थातच घातलं नाही.

एका टकल्या गृहस्थानं शेवटी विचारलं, "जी गाठ खरोखर आहे, तिचं तुमचा प्रोग्राम काय करतो, हे तपासलंत का?" मी म्हटलं, खरी गाठ खरीच राहते. हशा झाला. तो हसला नाही. शंकासुरच असतात काही काही.

शुक्रवार, १४ मे. सांगली

अक्काला सहा महिने झाले, तपासणीला बोलावलं होतं. दाजींचं पत्र आलं, गावची जत्रा हाय, मग रोपं टाकायची, तुजी अक्का ठणठणीत हाय, आषाढात बगू. मीही जोर केला नाही. उन्हाळी पेपरांचे गठ्ठे पडलेत.

रविवार, ११ जुलै. मेढा

अक्काच्या काखेत गाठी आल्यात. तीन. डाव्या हाताला सूज. लावणी करताना हात उचलेना, तेव्हा बोलली.

"आदीच सांगायचं की गं," दाजी तिच्यावर ओरडत होते.

"मशीननं न्हाई म्हनलंय की," अक्का म्हणाली. "राजानं बगितलंय."

मी ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, भाजी खारट झाली का रं?

बुधवार, १४ जुलै. सांगली

त्या टकल्यानं विचारलेलं आज तपासलं. सहा महिन्यांनी. अर्ध्या दिवसाचं काम होतं.

तेरा नंबरच्या म्हातारीची दोन्ही चित्रं घेतली, जी केसभरही हललेली नव्हती. दुसऱ्या चित्रात माझ्या हातानं एक उजळ गाठ काढली, सोळा मिलिमीटर. मग जाळी बारीक ठेवून प्रोग्राम चालवला, अक्कासाठी शेवटी ठेवली होती तेवढीच. बाई हललेली नाही, दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. म्हणजे गाठ जशीच्या तशी राहायला हवी.

पाच झाली. पुसट.

मी प्रोग्रामला सांगितलं होतं, दोन्ही चित्रं एकसारखी कर. पहिल्या चित्रात गाठ उजळलेली नाही, दुसऱ्यात उजळलीय. एकसारखी करायची म्हणजे उजळलेला भाग चोहोबाजूंनी आत ओढायचा. त्यानं तेच केलं, इमानानं. जाळी जेवढी बारीक, तेवढं जास्त ओढलं. मी बारीक करत गेलो आणि पाचावर थांबलो, कारण मला पाच हवे होते.

अक्काची गाठ मी पुसली. दुसऱ्या कुणी नाही. माझ्या दोन हातांनी, रजा टाकून.

शकूला सांगितलं. तिनं माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

शुक्रवार, १६ जुलै

डॉक्टरांना सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "सुई घालायला हवी होती," एवढंच बोलले. मग म्हणाले, "सही माझी होती." माझ्या अंगावर ओरडले असते तर बरं झालं असतं. पुण्याला पत्र टाकलं, निबंध मागे घेतो. ज्यांची ज्यांची चित्रं दुरुस्त केली त्या सगळ्याजणींना परत बोलवायचं ठरलं. माझी झोप उडालीय. भूकही नाही.

मंगळवार, २० जुलै

कुठवर पसरलंय ते बघायला अक्काचं पुन्हा स्कॅन. दाजी फॉर्म भरायला गेलेले. अक्का कपडे बदलून दारात आली आणि मुठीतलं मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. "संबाळ. त्यांच्या हातात दिऊ ने म्हनत्यात."

तिच्या गळ्यात पिवळा दोरा होता आणि दोऱ्याला हळकुंड. चांगलं जाडजूड, गाठाळ, बोटाच्या दोन पेरांएवढं.

मी बघतच राहिलो. पारूबाईंना विचारलं, "हे असंच गळ्यात ठेवून पालथ्या झोपतात?"

"मग? मोटं बगून देती मी. बारकं सुटून पडतंय."

"छातीखाली येत असेल."

"येतंय की. लय रुततंय म्हनत्यात बायका. औषद आत गेलं की अंग गरम हुतंय, मग तर सोसत न्हाई. जरा सरकून घेत्यात बिचाऱ्या."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कुनी इचारलं? तुमी समदी काचंच्या पल्याड." त्या माझ्याकडे बघून घाबरल्या. "काय झालं साहेब? चुकलं का माजं?"

विधवा म्हातारीच्या गळ्यात हळकुंड नव्हतं. सिस्टरच्याही नव्हतं. एक वर्ष मी तो खड्डा पडद्यावर बघत होतो. हा डबाही माझ्यासमोर वाजला होता. मी त्याच्यावर हसलो होतो आणि वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मी म्हटलं, "पारूबाई, हे पाठीवर टाकता येईल का? दोरा उलटा फिरवून?"

"न यायला काय झालं?" त्या म्हणाल्या आणि अक्काच्या गळ्यातला दोरा एका हातानं फिरवला. हळकुंड पाठीवर गेलं. "हे एवडंच हुतं व्हय? आवं, पैल्या दिशी सांगायचं की!"

अक्का म्हणाली, "आसं बरं हाय बाई. मागच्या बारीला लय रुतलं. पर भावाला कसं सांगू?"

पारूबाईंचं काहीही चुकलं नव्हतं. इतक्या बायकांना त्यांनी धीर देऊन आत पाठवलं होतं. मी मंगळसूत्र मुठीत धरून काचेअलीकडे जाऊन बसलो.

गुरुवार, २२ जुलै

चित्र आलं. अक्का केसभरही हलली नाही. वजाबाकी केली, नुसती, माझ्या प्रोग्रामशिवाय. एक रेघ नाही, एक ठिपका नाही. वर्षभरात इतकं स्वच्छ चित्र मी पाहिलेलं नाही. त्यात सगळं दिसतं. डावीकडची गाठ आता एकेचाळीस मिलिमीटरची आहे. काखेतल्या आहेत, बरगडीत एक आहे, उजवीकडेही दोन आहेत. गणित येत नसलेल्या माणसालाही मोजता येतील.

डॉक्टर दाजींशी बोलले. ऑपरेशनचा आता उपयोग नाही म्हणाले. दाजी ताठ उभे राहून ऐकत होते. मग भिंतीला टेकले. मी त्यांना जानेवारीतलं, नोव्हेंबरमधलं, सगळं सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही. "सुईला मीच न्हाई म्हनलं हुतं," एवढं म्हणाले आणि नळावर तोंड धुवायला गेले.

अक्काला मी सांगणार असं ठरवून बाहेर आलो. ती बाकावर पारूबाईंशेजारी बसली होती, चहा पीत. दोघींचं गूळ कुठला चांगला यावर चाललं होतं. तिच्यासमोर उकिडवा बसलो. मंगळसूत्र अजून माझ्याच खिशात होतं, ते काढून दिलं. तिनं ते गळ्यात घातलं आणि हळकुंड सोडून पारूबाईंच्या डब्यात टाकलं.

"अक्का," मी म्हटलं, "मागच्या वेळी माझं..."

"मागच्या बारीला माजंच चुकलं," ती म्हणाली. "मी हलले, म्हनून तुला तरास झाला. ह्या बारीला बग, मुंगी चावली तरी हलले न्हाई. आलं का तुजं चित्र नीट?"

पारूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"आलं अक्का," मी म्हटलं. "लई छान आलं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि राहिलेला चहा बशीत ओतून माझ्यापुढे केला.